सिल्व्हरटन : गाडी झाली, गाव राहिलं

अमेरिकेत कोलोरॅडोतली डुरँगो-सिल्व्हरटन ही वाफेची रेल्वेगाडी 'एका दिवसात आरामात होते' असं कुणी सांगितलं, तर ऐकून सोडून द्या. गाडी होते. गाव होत नाही. 45 मैलांना जाताना साडेतीन तास, येतानाही तेवढेच, आणि मध्ये गावासाठी हातात उरतात जेमतेम दोन. त्यातला निम्मा वेळ आमचा जेवणाच्या रांगेत गेला, त्याचा राग अजून निवळलेला नाही.

तिकिटं, पार्किंग सगळं सुरळीत झालं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना सिल्व्हरटनपेक्षा इंजिनातच रस. इंजिन 1925 चं, रूळ 1882 सालीच सिल्व्हरटनला पोचलेले, चांदीच्या खाणींसाठी टाकलेले. 'माथेरानच्या रुळांमधलं अंतर दोन फूट, इथे तीन फूट,' एवढं त्यांनी डब्यातल्या प्रत्येकाला सांगितलं. 2018 च्या वणव्यानंतर इथली मंडळी कोळशावरून तेलाकडे वळली, हे कळल्यावर मात्र जरा हिरमुसले. चढताना उजव्या बाजूची जागा घ्या. कडा कोरून काढलेल्या टप्प्यावर खाली थेट ॲनिमस नदी दिसते.

आता त्या दोन तासांचं. गावाची वस्ती सहाशेच्या आसपास. तिथे भर दुपारी एका गाडीतून काहीशे माणसं उतरतात, तीही एकदम आणि सगळी उपाशी. उन्हाळ्यात मागून दुसरी गाडीही येते. गाडी थांबते तिथून जवळच असलेल्या एका खाणावळीत आम्ही शिरलो. दारातल्या मुलीने नाव लिहून घेतलं, हातात ते नंबर आला की थरथरणारं यंत्र दिलं आणि म्हणाली, वीस मिनिटं. वीसची चाळीस झाली. मी दर पाच मिनिटांनी त्या यंत्राकडे बघत होते, जणू बघितल्याने ते वाजणार होतं. आमच्या मागून आलेला आठ जणांचा घोळका आधी आत गेला. का, तर मोठं टेबल रिकामं झालं म्हणून. मी विचारायला गेले, तर तीच मुलगी तेच हसू ठेवून म्हणाली, 'तुमचा नंबर पुढचाच.' तो पुढचाच नंबर यायला आणखी बराच वेळ गेला. मग मागवलेलं येईपर्यंतचं थांबणं वेगळं. शाकाहारी म्हणजे काय, तर बर्गरमधली टिक्की काढून उरलेला पाव आणि बटाट्याच्या सळ्या. आईने एव्हाना बाहेरच्या बाकावर बसून पिशवीतले धपाटे काढले होते. जेवलो असं म्हणायचं तर तेच आमचं जेवण. तेव्हा धपाटे, दशम्या, जे काय असेल ते बरोबर घ्या आणि उतरल्या उतरल्या थेट चालायला लागा. वाटलंच तर गाडीतच खाऊन घ्या.

कारण बघण्यासारखं सगळं चार पावलांवर आहे! ग्रीन स्ट्रीटवर 1883 चं ग्रँड इंपीरियल हॉटेल. 1908 चं टाउन हॉल, 1992 मध्ये आगीत होरपळलेलं आणि पुन्हा उभं केलेलं. 1907 चं कोर्ट, सोनेरी घुमटाचं. त्याच्या शेजारी 1902 चा तुरुंग, आता संग्रहालय. खाली शेरीफच्या कुटुंबाचं बिऱ्हाड, वर कैद्यांच्या कोठड्या. तो तुरुंग मला आतून बघायचा होता. दारापर्यंत पोचले तेव्हा खाली गाडीची शिट्टी झाली. बाबा म्हणाले, 'गाडी कुणासाठी थांबत नाही.' ते चूक नव्हतं, म्हणून जास्तच चिडले.

एक राहिलं. गाव 9,318 फुटांवर आहे. भरभर चालताना धाप लागते, पाणी सतत प्यायचं, आणि जुलैतही स्वेटर हवाच. वयस्कर माणसं बरोबर असतील तर एका बाजूने गाडी आणि दुसऱ्या बाजूने बस असं तिकीट मिळतं. बस दीडेक तासात पोचते, आईच्या पाठीला ते मानवलं असतं.

पण खरा उपाय म्हणजे सिल्व्हरटनला एक रात्र राहणं. परतीची जागा दुसऱ्या दिवसाची हवी, हे तिकीट काढतानाच सांगायचं. गाडी निघून गेली की रांगाही तिच्याबरोबर जातात. शिवाय गावाबाहेर दोनेक मैलांवर मेफ्लॉवर मिल आहे. 1929 ची, खनिज दळायची, 1991 पर्यंत चालू असलेली. त्या दोन तासांत पायी जाऊन ती बघणं जमणारच नाही.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत आई-वडिलांना आणणार असाल, तर तिकिटावर शेवटचं ठिकाण नीट वाचा. हिवाळ्यात गाडी सिल्व्हरटनपर्यंत येतच नाही, वाटेतल्या कॅस्केड कॅनियनवरूनच मागे फिरते.