लेसोथोला जाताय? हाताशी वेळ ठेवा

चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधोमध हा देश. क्षेत्रफळ सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढं. नकाशा बघून वाटतं, दोन दिवसांत उरकेल. पण इथली सगळ्यात सखल जागासुद्धा सुमारे १४०० मीटरवर आहे. त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत विचारायचं.

आधी कागदपत्रं. येताना-जाताना दक्षिण आफ्रिकेतूनच जायचं असल्याने तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. लेसोथोच्या व्हिसाचे नियम निघण्याआधी पुन्हा तपासा. गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडायचं परवानगीपत्र कंपनीकडून लेखी घ्या. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. सीमेवरच्या सानी पास या घाटाला मात्र फोर-बाय-फोरच लागते, साध्या गाडीला वर सोडत नाहीत. २८७४ मीटरवर पोचेपर्यंत वळणं मोजायचं भान राहत नाही. सीमाचौकी संध्याकाळी बंद होते, म्हणून सकाळीच निघा.

राजधानी मासेरूत फार रेंगाळू नका. जवळच थाबा बोसिउ आहे: सपाट माथ्याचा, कड्यांनी वेढलेला डोंगर. आपल्या गडांवर भटकलेल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. राजा मोशोएशोए पहिला १८२४ मध्ये आपली माणसं घेऊन इथे आला आणि त्याने हा डोंगर शत्रूच्या हाती लागू दिला नाही. पुढे बोअर, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्या लोकांनी जमिनी बळकावल्या, तेव्हा त्याने ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं. ते १८६८ मध्ये मिळालं, आणि म्हणूनच हा मुलूख दक्षिण आफ्रिकेत विरघळला नाही. १९६६ मध्ये तो स्वतंत्र झाला. वाटाड्या घेऊनच चढा. त्याच्याशिवाय तिथे नुसते दगड दिसतील.

सेमोन्कॉन्ग गावाला मात्र मुक्काम हवाच. मालेत्सुन्याने धबधबा १९२ मीटर एका उडीत कोसळतो. पाणी बघायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट हिवाळा, बर्फसुद्धा पडतं. एरवीही रात्री गारठा असतोच. उगाच नाही इथले गुराखी लोकरीची जाड घोंगडी पांघरून घोड्यावर बसत. फोटो काढायचा तर आधी विचारा. घोड्यावरून गावं फिरवणारे भेटतात, सवय नसेल तर अर्ध्या दिवसाचीच फेरी घ्या. मांड्या दुखतात.

शाकाहारींनी पापा आणि मोरोहो मागावं: मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी. मांस नको, हे आधीच सांगा. मासेरूबाहेर रोख पैसे जवळ असू द्या. दक्षिण आफ्रिकेचा रँड इथे सर्रास चालतो, पण मालोटी हे इथलं चलन सीमेपलीकडे कुणी घेत नाही, म्हणून निघण्याआधी खर्चून टाका.