एस्टीमचं हेड उतरलं: २-३ च्या मधलं गॅस्केट आणि जी१३बीबीची बाकीची दुखणी

मंडळी, माझी मारुती एस्टीम (इंजिन जी१३बीबी) घाटात दम टाकायची आणि तापायची, त्याचं अपडेट देतो. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खाली आलंय, त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं सील करणारं गॅस्केट २ आणि ३ नंबरच्या सिलिंडरच्या बरोबर मधे उडालंय, आणि ब्लॉक वाचलाय. बोअरमधे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, होनिंगच्या (घासून फिनिश करतानाच्या) तिरक्या रेषा अजून स्पष्ट दिसतायत, एवढी चाललेली गाडी असूनसुद्धा. म्हणून परत सांगतो, हे इंजिन घासून मरत नाही, तापून मरतं.

ज्यांनी नुकतीच घेतलीये त्यांच्यासाठी थोडक्यात. १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, आत बिडाचे लायनर, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), १६ व्हॉल्व्ह, आणि कॅम फिरवायला टायमिंग बेल्ट. एस्टीम १९९४ ला आली तेव्हा कार्ब्युरेटरवर होती, माझी नंतरची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल मारणारी), ८५ बीएचपीवाली. हेच इंजिन जिप्सी किंगमधे आणि व्हर्सामधेही आलं आणि जिप्सी पुढे बरीच वर्षं चालू राहिली म्हणून पुण्यात नाना पेठेत फिरलं की पार्ट अजून मिळून जातात, फक्त गॅस्केट आणि सील घेताना डब्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या, "सेमच आहे, लागून जाईल" यावर जाऊ नका.

आता दुखणं काय होतं. साताऱ्याला जाताना खंबाटकी चढायला लागलो की तिसऱ्यात गाडी दम टाकायची, टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकायचा, आणि घाटावरून खाली आलं की परत सगळं नॉर्मल. परत येताना बोगद्याने येतो, तिथे तसा चढ नाही, त्यामुळे काहीच जाणवायचं नाही. आयडलिंगला हलका झटका होता, प्लग, वायरी बदलून झाल्या, फरक शून्य. दोन गॅरेजवाल्यांनी सरळ हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंग वगैरे बदलायचं मोठं काम) करायला सांगितलं. मला ते पटलं नाही कारण इंजिन ऑइल खात नव्हतं आणि धूरही नव्हता.

म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, बॅटरी फुल चार्ज. हे सगळं पाळलं नाही तर आकडा खोटा येतो. १ ते ४ नंबरचे आकडे आले १७८, ९५, १००, १७५ पीएसआय. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेले, बाकीचे दोन ठणठणीत! मग २ आणि ३ मधे प्रत्येकी चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं, आकडा जवळजवळ तिथेच. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चढला असता. म्हणजे गळती वरच्या बाजूला आहे, आणि दोन शेजारी एकत्र म्हणजे पहिला संशय गॅस्केटवरच.

खात्री करायला कॉम्प्रेसरची हवा वापरली. २ नंबर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला, त्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमधे आणि हँडब्रेक वर, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडली. ३ नंबरच्या भोकावर टिश्यूचा तुकडा धरला होता तो फडफडून उडाला. १ आणि ४ वर धरला तर हललासुद्धा नाही. दोनशे रुपयांचं अ‍ॅडॅप्टर आणि एक टिश्यू, आणि हाफ इंजिनचा खर्च टळला.

यातली एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि २ व ३ चे पिस्टन कायम बरोबरच वरखाली होतात, फक्त एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्टवर. म्हणजे मधली भिंत फुटली की एकाचं दाबलेलं मिक्श्चर शेजाऱ्याच्या उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून थेट सायलेन्सरला. म्हणून लोड आल्यावर पिकअप मरायचा आणि सायलेन्सरमधून फस्स फस्स यायचं, आणि कूलंट मात्र फारसं कमी होत नव्हतं, त्यामुळे गॅस्केटवर कुणाचा संशयच गेला नाही.

हेड काढल्यावर दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा कार्बनचा ओघळ होता, बोटाच्या नखाएवढा रुंद, गॅस्केटची पत्र्याची कड तिथे जळून पातळ झालेली. हेड साफ करून स्ट्रेट एज लांबीत, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेज घातला. मर्यादा ०.०५ मिमी, आणि मधे ०.१० ची पट्टी आरामात जात होती. भोसरीला फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) दिलं, लागेल तेवढंच काढायला सांगितलं, कारण जास्त काढलं की कॉम्प्रेशन रेशो वाढतो आणि बेल्टवरचा कॅम थोडा मागे पडतो. चेंबरमधे पेट्रोल ओतून ठेवलं तर ३ नंबरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाझरत होता, तो पेस्ट लावून घासला. व्हॉल्व्ह सील सगळे नवीन.

आता हे सगळं झालं कशामुळे? थर्मोस्टॅट! इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा व्हॉल्व्ह. त्याचं हाऊसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. आपल्याकडे "गाडी थंड राहते" म्हणून काढून टाकायची जुनी सवय आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. इंजिन धड तापतच नाही, सेन्सर ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) सांगत राहतो की अजून थंड आहे, ईसीएम पेट्रोल जास्त मारत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं. आणि खरं दुखणं, म्हणजे बोअरवेलच्या पाण्याने चोंदलेला रेडिएटर, शहरात लपून राहतं, घाटात बाहेर येतं. नवीन थर्मोस्टॅट आणला, पातेल्यात थर्मामीटरबरोबर उकळून बघितला, त्यावर छापलेल्या ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला. तुम्हीही बसवायच्या आधी बघा, नवीनसुद्धा अडकलेला निघू शकतो.

बाकीची नेहमीची दुखणी पटकन. टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) गॅस्केट आणि प्लगच्या विहिरींचे सील कडक झाले की ऑइल विहिरीत उतरतं आणि मिसफायर येतो, लोक कॉइल बदलत बसतात, आधी टॉर्च मारून आत बघा. आयडलिंगला आरपीएम वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हमधला कार्बन. बराच वेळ उभी राहून स्टार्ट केल्यावर निळा धूर आणि मग बंद, तर व्हॉल्व्ह सील. रेडिएटर फॅन लागतोय का हे एसी बंद ठेवून तपासा, एसी चालू असला की फॅन तसाही फिरतो आणि खराब सेन्सर कळत नाही. आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, तर जुने रबरी फ्युएल पाइप एकदा हाताने वाकवून बघा, चीर दिसली की बदला, यात पैसे वाचवू नका.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कॅम आणि क्रँकचे सील घेऊन ठेवलेत, उघडलंच आहे तर सगळं एकदम. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून कोरडी केलीत, खाली पाणी किंवा ऑइल राहिलं तर टॉर्क रेंच खोटा टॉर्क दाखवतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट आवळायचे ते मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने.

हेड अजून बसवलेलं नाही कारण गॅस्केटवर अडलंय. ओरिजिनलसारखं कॉम्पोझिट हातात आहे, पण मल्टी लेयर स्टीलचा पर्याय डोक्यात आहे, आणि त्याला हेड आणि ब्लॉक दोन्हीचं फिनिश जास्त गुळगुळीत लागतं. ब्लॉक गाडीतच आहे, तो फेसिंगला देता येणार नाही. कुणी जी१३बीबीवर ब्लॉक न उतरवता स्टीलचं लावलं असेल आणि ते घाटात टिकलं असेल तर ब्लॉकचा वरचा फेस कसा तयार केलात ते सांगा, नाहीतर मी कॉम्पोझिटच लावतो आणि कॉम्प्रेशनचे नवे आकडे टाकतो.