गुडघाभर पाण्यातलं चित्र

मी अमळनेरला शाळेत चित्रकला शिकवतो. भाचा नोकरीनिमित्त टोकियोत असतो. यंदा त्याने मला आणि आईला तिकडे बोलावून घेतलं. काय काय बघायचं याची त्याची यादी लांबलचक होती, माझं मात्र एका नावावर अडलं होतं: तोयोसू भागातलं टीमलॅब प्लॅनेट्स. भिंतीवर टांगलेलं एकही चित्र नसलेलं कलासंग्रहालय. चित्र आपल्या भोवती असतं, पायाखाली असतं, आणि आपण तिथे आहोत म्हणून बदलतं. मुलांना रंग, रेषा, अवकाश शिकवणाऱ्या माणसाने हे डोळ्यांनी बघायलाच हवं, असं मला वाटत होतं.

आपल्या जळगाव-धुळ्याकडचे कितीतरी आईवडील आता मुलांना भेटायला परदेशी जातात. त्यांच्यापैकी कुणाला हे बघायचं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून जरा तपशिलाने लिहितो.

तिकीट त्यांच्या संकेतस्थळावरच काढायचं. तारखेबरोबर आत शिरण्याची वेळही निवडावी लागते आणि दर दिवसाप्रमाणे बदलतो. निवडलेली वेळ फक्त प्रवेशाची. एकदा आत गेलात की घाई करायला कुणी येत नाही, हवं तितकं थांबा. शनिवार-रविवार आणि चेरीच्या बहराचे दिवस टाळलेले बरे. आम्ही अमळनेरहून निघण्याआधीच भाच्याने सकाळची लवकरची वेळ धरून ठेवली होती. युरिकामोमे नावाच्या चालकाविना धावणाऱ्या गाडीने शिन-तोयोसू स्टेशनला उतरलं की संग्रहालय समोरच.

खरा प्रश्न होता कपड्यांचा. आत अनवाणी जावं लागतं, एका दालनात पाणी गुडघ्यापर्यंत येतं आणि काही ठिकाणी जमीनच आरशाची आहे. म्हणजे साडी अवघड. ते लोक हाफ पँट फुकट वापरायला देतात, असं भाच्याने फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "ह्या वयमा हाफ पँट? नको रे भो." शेवटी गल्लीतल्या शिंप्याकडून ढगळ सलवार शिवून घेतली. मोहरी रुंद ठेवली आणि आत नाडी घातली, म्हणजे पायचा गुडघ्याच्या वर चढवून तिथेच बांधता येतो. कापड सुती, गडद रंगाचं आणि जाडसर घ्यावं. पातळ कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतं. वर लांब कुर्ता. ह्या एका सलवारीने आईचा सगळा संकोच गेला. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला नेणार असाल तर एवढी तयारी इथूनच करून जा.

आत गेल्यावर चपला, मोजे, पिशव्या लॉकरमध्ये ठेवायच्या. सेल्फी स्टिक चालत नाही. मग एक काळोखी, चढती वाट लागते आणि तिच्यावरून पाणी आपल्या दिशेने वाहत येतं. समोर उजेडाचा धबधबा. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं, पण पाय गार पाण्यात पडले तशी तिची पकड सैल झाली. वर पोचल्यावर पाय पुसायला टॉवेल असतात. पुढच्या दालनात जमीन गादीसारखी मऊ आहे, पाऊल पार आत रुततं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिथल्या मुलीने न विचारताच आम्हाला बाजूची वाट दाखवली. म्हाताऱ्या माणसांनी त्या खोलीचा हट्ट धरू नये.

आरशांच्या खोलीत छतापासून दिव्यांच्या असंख्य माळा लोंबतात आणि चहूकडे त्यांचीच प्रतिबिंबं. छान आहे, फोटोही सुंदर येतात. मोठमोठ्या रंगीत चेंडूंचं दालन लहान मुलांना फार आवडेल. पण माझ्या लेखी सगळा जीव पाण्याच्या दालनात आहे.

तिथलं पाणी दुधाळ आणि कोमट आहे. त्यावर वरून प्रोजेक्टरचा प्रकाश पडतो आणि पाण्यात कोई जातीचे मासे पोहायला लागतात. माणसं कुठे उभी आहेत, कुठे चालली आहेत, हे यंत्रणेला कळत असतं. मासे त्यांना वळसा घालून जातात. एखादा येऊन पायाला धडकला की त्याची फुलं होतात आणि ती पाण्यावर पसरत जातात. हा आधी बनवून ठेवलेला चित्रपट नाही. संगणक ते त्या क्षणी रेखाटत असतो, आणि आत्ता दिसलेलं चित्र तसंच्या तसं पुन्हा कधीच दिसणार नाही. फुलंही ऋतूप्रमाणे बदलतात.

मी आईला म्हटलं, चालू नको, थोडी उभी राहा. बहुतेक लोक फोन वर धरून चालत राहतात, त्यांच्या पायाशी रेषा नुसत्या तुटत जातात. आई थांबली आणि थोड्या वेळाने मासे तिच्याभोवती गोल फिरायला लागले. केशरी, पिवळे, लांब शेपटीसारखे प्रकाशाचे फराटे मागे सोडत. एक नेमका तिच्या पोटरीवर आला. "मासा मन्हा पायले लागना ना त्यानं फूल व्हई गयं!" ती मोठ्याने म्हणाली. बाजूची जपानी आजी तिच्याकडे बघून हसली आणि तीही तिच्याशेजारी थांबली. भाषेचा एक शब्दही समान नसताना दोघी कितीतरी वेळ एकमेकींना मासे दाखवत होत्या.

थांबून बघण्याची सवय मला अजिंठ्याने लावली. जळगावपासून लेणी साठेक किलोमीटरवर, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी जातच असतो. तिथेही चपला बाहेर ठेवून चित्रांच्या लेण्यांत शिरायचं, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही. दोन क्रमांकाच्या लेण्यात छतसुद्धा चितारलेलं आहे. मान वर केली की वर्तुळं, कमळं, हंसांच्या रांगा. चित्र माणसाच्या भोवती उभं करण्याची ही कल्पना आपल्या उंबऱ्यावर दीड हजार वर्षांहून जुनी आहे. फरक इतकाच, की अजिंठ्यात भिंत स्थिर असते आणि बघणाऱ्याने फिरायचं; टोकियोत बघणाऱ्याने थांबायचं आणि चित्र फिरतं. दोन्हीकडे सवड लागते. एखादं दालन सुटलं तरी चालेल, पण पाण्यात भरपूर वेळ काढा.

त्यानंतर एका घुमटात जमिनीवर पाठ टेकून पडलं की भोवताली फुलांचा वर्षाव सुरू होतो. शेवटी बाग आहे, तिथे तेरा हजारांहून जास्त खरी, जिवंत ऑर्किड्स छतापासून टांगलेली आहेत. माणूस जवळ गेला की फुलांचा पडदा वर उचलला जातो, माणूस पुढे सरकला की खाली येतो. वासही खरा. बाहेर पडल्यावर शाकाहारी माणसाची पंचाईत होत नाही, आवारातच व्हेगन रामेन, म्हणजे मांस-दूध काही न घातलेलं जपानी शेवयांचं सूप, मिळतं. आईने ते चवीने खाल्लं.

टीमलॅब हा गट तोशियुकी इनोको आणि त्यांच्या सोबत्यांनी 2001 साली सुरू केला. त्यात चित्रकारांच्या बरोबरीने प्रोग्रामर, अभियंते, गणिती, वास्तुरचनाकार काम करतात. प्लॅनेट्स 2018 मध्ये उघडलं. चित्रकार आणि गणिती तिथे एकत्र काम करतात, हे मी परत आल्यावर वर्गात आवर्जून सांगितलं, कारण आपल्याकडे चित्रकला चांगली असलेल्या मुलाला "गणिताकडे लक्ष दे" असं बजावतात, जणू दोन्ही एकाच डोक्यात मावत नाहीत.

मुलं मग हट्टच धरून बसली, सर, आपणही असं करू. माझा एक माजी विद्यार्थी जळगावला इंजिनीअरिंगला आहे, तो रविवारी येऊन बसला. प्रोसेसिंग नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, खास कलाकारांसाठी 2001 मध्येच सुरू झालेलं. वेबकॅमने मुलाची जागा ओळखायची आणि तिथे झेंडूची फुलं उमलवायची, एवढा प्रोग्राम त्याने लिहिला. फुलं मुलांनी पोस्टर कलरने काढली, ती स्कॅन करून घातली. मंडपवाल्याकडून काळं कापड आणून हॉलच्या खिडक्या बंद केल्या, जमिनीवर पांढरी चादर अंथरली. फुलं उमलली, मुलांनी आरडाओरडा केला. पण प्रोजेक्टर टेबलावर होता, त्यामुळे मुलांची सावली नेमकी फुलांवर पडत होती. आता तो छताला उलटा टांगायचा आहे, त्यासाठी लोखंडी चौकट वेल्डिंगवाल्याकडे करायला टाकली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांना बोलवायचं ठरलंय, आणि येताना चपला बाहेर ठेवून यायचं हे मुलांनी आमंत्रणातच लिहिलंय.