आई आणि जिराफ
गाडीने लांबच्या प्रवासाला निघालो होतो, वाटेत भलंमोठं प्राणिसंग्रहालय लागलं. आई म्हणाली, "थांबूया ना!" वाघ-सिंह झोपलेले, ते भरभर बघून झाले. जिराफापाशी मात्र आई जागची हलेचना. त्याची काळसर जांभळी जीभ, जवळजवळ ४५ सेंटिमीटर लांब, फांदीला वेढा घालून पानं ओरबाडत होती. एवढ्या लांब मानेत मणके फक्त ७, आपल्याइतकेच, हे सांगितल्यावर तिने स्वतःची मान चाचपून पाहिली!

हत्तीण सुमारे २२ महिने पोटुशी असते हे ऐकून मात्र गप्पच झाली. मग कठड्याला टेकून पिल्लाच्या आईकडे बघत म्हणाली, "हिचं कौतुक कुणी केलं की नाही?"

मुक्कामी पोचायला उशीर झाला, होऊ दे. आईला इतकं रमलेलं फार दिवसांनी पाहिलं. परतीच्या वाटेवर पुन्हा थांबणार आहोत, पाणघोडे राहिलेत.