कुठल्या अल्बमपासून सुरुवात करू?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "जुनं इंग्लिश रॉक ऐकायचंय, कुठल्या अल्बमपासून सुरुवात करू?" आणि पाठोपाठ, "पण शब्द कळत नाहीत हो." तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, माझं उत्तर ठरलेलंय. लेनन, मॅकार्टनी, हॅरिसनवाल्या बीटल्सचा 'ॲबी रोड', १९६९ चा. लोकांना वाटतं मी पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' म्हणेन, कारण तो टी-शर्टवर दिसतो. तोही सांगतो, पण नंतर.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होतो, साल १९८७. कॅसेट भरून देणारी दुकानं असायची, आपण कोरी कॅसेट न्यायची, दुकानातले काका एलपीवरून, म्हणजे मोठ्या रेकॉर्डवरून, भरून द्यायचे. साठ मिनिटांची टीडीके कंपनीची कॅसेट दिली, चार दिवसांनी मिळाली, रात्री सगळे झोपल्यावर लावली. ए साइडचं शेवटचं गाणं 'आय वॉन्ट यू', पावणेआठ मिनिटांचं, शेवटी शेवटी तीच गिटार गोल गोल फिरत राहते, मागे वारा सुटल्यासारखा आवाज वाढत जातो, वाढतच जातो, आता काहीतरी होणार म्हणून आपण सरसावून बसतो आणि खट्. बंद. पुढे पाच मिनिटं नुसती खरखर, म्हणजे टेप शिल्लक असून गाणं तोडलेलं! सकाळी तावातावाने दुकान गाठलं. काकांनी शांतपणे एलपी काढली, पुसली, सुई बरोबर शेवटाजवळ ठेवली. खट्. म्हणाले, "त्या लेननने तिथेच कापायला सांगितलंय, माझ्या अंगावर काय येतोस?"

त्या खट् नंतर उठायचं, कॅसेट उलटी करायची, आणि बी साइडला पहिलंच हॅरिसनचं 'हिअर कम्स द सन', म्हणजे गच्च आभाळानंतर ऊन. हे त्याने बीटल्सच्या ऑफिसच्या मीटिंगला दांडी मारून, गिटारवाला दोस्त एरिक क्लॅप्टन याच्या बागेत बसून लिहिलं. मोबाईलवर ही दोन गाणी एकमेकांना चिकटतात, मजाच जाते. म्हणून सांगतो, तिथे पॉज करा, चहा टाका, मग पुढे जा. आणि शफल बंद, प्लीज! कारण पुढे अर्धवट राहिलेल्या गाण्यांचे तुकडे एकाला एक जोडून सलग पंधरा-सोळा मिनिटांची गोधडी शिवलीय, त्यातला एक तुकडा सुटा ऐकून काही कळत नाही. सगळं संपल्यावर थोडी शांतता, आणि मग २३ सेकंदांचं 'हर मॅजेस्टी'. मॅकार्टनीने हे फेकून द्या म्हणून सांगितलं होतं, पण बीटल्सचं काही म्हणजे काही फेकायचं नाही अशी स्टुडिओतल्या पोराला ताकीद, त्याने गुपचूप टेपच्या शेवटी चिकटवून ठेवलं, ते तसंच राहिलं.

आता शब्दांचं. 'डार्क साइड', १९७३. त्यात 'द ग्रेट गिग इन द स्काय' ऐका, क्लेअर टोरी नावाच्या बाईने गायलंय, आणि त्यात तिला एकही शब्द नाही, सगळा आलापच आहे म्हणा ना. तिला ३० पाउंड मिळाले. पुढे ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि आता गाण्याच्या रचनेत तिचंही नाव लागतं. तेव्हा शब्द कळत नाहीत ही सबब तिथे तरी चालणार नाही.

तिसरा फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स', १९७७. बँडमधल्या जोड्या फुटत होत्या आणि एकाने दुसऱ्यावर लिहिलेलं गाणं त्या दुसऱ्यालाच वाजवावं लागत होतं, बोला! क्वीनबद्दल मला विचारू नका, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तो आपला माणूस, तिथे मी तटस्थ राहूच शकत नाही.

परवा भाचीला हेच सगळं सांगितलं, फक्त त्या खट् बद्दल मुद्दाम बोललो नाही. रात्री साडेअकराला तिचा मेसेज, "मामा, गाणं मध्येच तुटतंय, आमचं वायफाय गंडलंय बहुतेक."