कुत्र्याच्या तुटलेल्या टेंडनला गोंद लावतात, पण टाके लागतातच

रामबागेतल्या आमच्या गल्लीत सगळे विचारतायत की आता म्हणे टाके न घालता गोंदाने चिकटवतात, मग शेरूला तेच का नाही केलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

शेरूला टाचेच्या वर पत्रा लागला. जखम एवढीशी, रक्तही लगेच थांबलं, पण उभा राहिला की मागची टाच पार जमिनीला टेकायची. असं दिसलं ना की वरच्या जखमेवर जाऊच नका, आत पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारं अकिलीस टेंडन तुटलेलं असू शकतं. टाच थोडीच खाली आली आणि बोटं मुडपलेली दिसली तर बहुतेक बोटांकडे जाणारा भाग शाबूत असतो, बाकीचा गेलेला असतो.

आता गोंद. फायब्रिन ग्लू म्हणजे रक्तातलीच, रक्त गोठवणारी दोन प्रोटीन्स, फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन, दोन सिरिंजमधून एकाच जागी सोडायचं, लगेच गोठतं, आपलं रक्त गोठताना शेवटी होतं तेच. कल्पना जुनी आहे, 1940 सालीच यंग आणि मेडावार यांनी प्राण्यांच्या तुटलेल्या नर्व्ह अशा जोडून बघितल्या होत्या. पण नर्व्हवर असा ताण येत नाही आणि टेंडनवर तर प्रत्येक पावलाला कुत्र्याचा भार येतो, फायब्रिन तेवढ्या ओढीला टिकत नाही, शिवाय शरीर स्वतःच ते हळूहळू विरघळवून टाकतं. म्हणून भार टाक्यांनीच घ्यायचा, गोंदाचं काम जखम भरून आणणाऱ्या प्लेटलेट्स, पेशी वगैरे जागेवर धरून ठेवायचं. आणि ते काम मोठंच आहे हो, कारण टेंडनला मुळात रक्तपुरवठा कमी. आणि टाके घट्टच हवेत, कारण कुत्र्यांवरच्या अभ्यासात दिसलंय की दोन टोकांत 3 मिमीपेक्षा जास्त फट राहिली तर ताकद नीट भरत नाही.

मला खरी आशा वाटते ती मसल नावाच्या समुद्री शिंपल्यांवरून सुचलेल्या गोंदाची. ते लाटांचा मार खात ओल्या खडकाला घट्ट धरून राहतात, त्यांच्या प्रोटीनमधल्या डोपा नावाच्या अमिनो आम्लामुळे, आणि शरीराच्या आत सगळं ओलंच असतं ना.

समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते ट्यूबमधलं फटकन चिकटणारं लाव की." काकू, अजिबात नाही! ते घट्ट होताना गरम होतं, आतलं मांस भाजतं, डॉक्टर कातडीला वापरतात तो ग्लू वेगळा असतो.

बाकी सगळं आरामावर आहे. कुत्र्याचं टेंडन 6 आठवड्यांत साधारण 56 टक्के ताकद परत मिळवतं, वर्षाने 79 टक्के, म्हणजे प्लास्टर निघालं की लगेच जिना, उड्या, गल्लीत पळापळ हे काहीही चालणार नाही, पट्टा छोटाच ठेवायचा. आणि प्लास्टर ओलं झालं, वास यायला लागला किंवा बोटं सुजलेली दिसली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.