आवाज येतोय का?

"आवाजासाठी एवढी डोकेफोड करावी लागते, तर लिनक्स सोडून का देत नाही?" घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात. माझा कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही, तेव्हा तर सगळे एका सुरात विचारतात. आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही परत विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी एक सांगू द्या, ही डोकेफोड रोजची नाही. महिनोन्‌महिने आवाज सुरळीत येतो, तेव्हा कुणी चौकशी करत नाही. बिघडतो तेव्हा कारण बहुतेकदा फडतूस निघतं. आवाज स्पीकर सोडून एचडीएमआयकडे, म्हणजे स्क्रीन जोडायच्या केबलकडे, चाललेला असतो आणि पलीकडच्या स्क्रीनला स्पीकरच नसतात. नाहीतर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडावा, तर एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे म्यूट. कीबोर्डवरचं एम दाबलं की तिथे दोन शून्यं येतात आणि आवाज सुरू! ही दोन अक्षरं दिसेपर्यंत मी एकदा दोन संध्याकाळी घालवल्या आणि अख्खी सिस्टिम नव्याने टाकली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणखीही एक कबूल करतो. २००८ मध्ये उबुंटूत, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारात, पल्सऑडिओ हे आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा "आधी ते काढून टाका, मग बोला" असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. बरेचसे घोळ खालच्या ड्रायव्हरांमध्ये, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आधीपासूनच होते आणि पल्सऑडिओमुळे ते उघडे पडत होते, हे मला फार उशिरा कळलं. पुढे २०२१ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर हे नवं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा मात्र मी तोंड बंद ठेवलं. थोडक्यात, माझ्या सल्ल्यांवर फार विसंबू नका.

पण तुम्ही विचारता ते मीटिंगबद्दल नसतं, मला माहीत आहे. मावशीचं प्रकरण तुमच्या कानावर आलेलं असतं.

मावशीला बोलतं करायला मला दोन वर्षं लागली होती. थोरला मामा घर सोडून गेला ती रात्र तिने डोळ्यांनी पाहिलेली, आणि त्यावर ती कधी बोलायची नाही. त्या दुपारी बोलली. लॅपटॉपला चांगला यूएसबी माइक लावला, ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम सुरू केला आणि हलत्या रेघा बघून ती अवघडेल म्हणून त्याची खिडकी स्क्रीनवरून खाली घालवली. इथेच चुकलो. त्याच सकाळी मी एका व्हिडिओचा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता. त्यासाठी पॅव्हूकंट्रोल या आवाजाच्या जोडण्या ठरवायच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर जाऊन ऑडॅसिटीला माइकऐवजी ‘मॉनिटर’ जोडून दिला होता. मॉनिटर म्हणजे स्पीकरकडे जो आवाज जातो त्याची नक्कल. कुठल्या प्रोग्रॅमला काय जोडलं होतं हे सिस्टिम लक्षात ठेवते. तिने ठेवलं, मी विसरलो.

सत्तेचाळीस मिनिटं मावशी बोलली. मामाने उंबऱ्यात थांबून चप्पल हातात घेतली, वाजू नये म्हणून, तिथे ती बराच वेळ गप्प झाली. मी मनात म्हटलं, हे गप्प होणंसुद्धा रेकॉर्डमध्ये येतंय.

रात्री फाइल उघडली तर सरळ रेघ. मधे तेविसाव्या मिनिटाला एकच टोक वर आलेलं. ऐकलं, तर कुठलीशी मेल आल्याचं ‘टण्‌’. त्या एका टण्‌वरून सगळा उलगडा झाला. माइक बंद नव्हता, केबल सैल नव्हती, ड्रायव्हर ठीक होता. मी सांगितलं होतं ते सिस्टिमने चोख केलं होतं. तरी वेड्यासारखा आवाज वाढवून वाढवून बघितला. शून्याचं काय वाढणार?

विंडोजवर हे झालं असतं का? बहुधा नाही. तिथे मॉनिटर असा हाताशी मांडून ठेवलेला नसतो. पण मला तो हाताशीच हवा असतो, आठवड्यातून दोनदा लागतो. म्हणजे ज्या सोयीसाठी मी इथे टिकलोय, तिनेच मला बुडवलं. आता यावर लिनक्स सोडा म्हणायचं की सुरुवातीची दोन मिनिटं ऐकून बघत जा म्हणायचं? तुमचं पहिलं असतं, माझं दुसरं. रात्री झोप लागत नाही तेव्हा माझंही पहिलंच असतं.

मावशीला सांगितलं. ती रागावली नाही. "एकदा सांगितलं ना," एवढंच म्हणाली. चार महिन्यांनी परत सांगायला बसली, पण अकरा मिनिटांत आटोपलं. उंबरा नाही, चप्पल नाही. "मग तो गेला," झालं.

या खेपेला तिच्या हट्टापायी मोबाइलही ठेवला होता. दोन्हीकडे रेकॉर्ड झालंय. लॅपटॉपवरचं जास्त स्वच्छ आलंय. हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.